स्टार्टर काथोडकडे

काथोडदादा मोटरला हात लावायचे तो आधी हाताच्या पाठीने, तळव्याने कधीच नाही. मी नवीन असताना त्यांना कारण विचारलं, तर म्हणाले, "झटका बसला की मूठ वलते, साहेब. तलव्यानं धरलं तर मूठ मोटरीवर वलंल. पाठीनं धरलं तर आपल्याकडं वलंल." पाठ टेकवून ते ओठांतल्या ओठांत पाच मोजायचे. पाच मोजून होईपर्यंत हात राहिला तर मोटर ठीक. तीनलाच उचलावा लागला तर तिच्याशेजारी उकिडवे बसायचे आणि कान द्यायचे. चोवीस लूमांच्या खडखडाटात त्यांना त्या एका मोटरचं नेमकं काय ऐकू यायचं, कुणास ठाऊक. पण यायचं.

भिवंडीतल्या एका सेठच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये ते वायरमन होते. साल एकाहत्तर-बाहत्तर असेल. मी तेवीस वर्षांचा, हातात इलेक्ट्रिकलचा ताजा डिप्लोमा, पहिलीच नोकरी. सेठने मला 'इंजिनिअर साब' म्हणून ठेवून घेतलं होतं. काथोडदादा पंचेचाळिशीचे, जवळच्या शेलार गावचे. घरची थोडी भातशेती होती. ती भाऊ बघायचा आणि हे रोज सकाळी सायकलवरून शेडमध्ये यायचे. खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कानावर पेन्सिलीसारखा खोचलेला टेस्टर, पायात रबरी चपला. सही करण्यापुरतं लिहिता यायचं. आकडे मात्र चटकन वाचायचे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. दोघंच असलो की मी त्यांना 'दादा' म्हणायचो. सेठ समोर असला की 'काथोड' म्हणायचो. त्यांनी ते कधी लक्षात आणून दिलं नाही. माझ्या लक्षात मात्र होतं.

शेडमधल्या प्रत्येक लूमला एक मोटर आणि प्रत्येक मोटरच्या डोक्याशी भिंतीवर एक लोखंडी पेटी, म्हणजे स्टार्टर. हिरवं बटण दाबलं की मोटर सुरू, लाल दाबलं की बंद. मोटर प्रमाणाबाहेर करंट ओढायला लागली की ही पेटी तिला आपणहून बंद करते. किती ओढला म्हणजे प्रमाणाबाहेर, ते पेटीतल्या एका छोट्या काट्याने ठरतं. दादांनी चोवीसच्या चोवीस पेट्यांत काटा स्वतः लावला होता आणि जिथे लावला तिथे तांबड्या रंगाचा ठिपका दिला होता. महिन्यातून एकदा सगळ्या पेट्या उघडून ते ठिपके बघायचे. त्या वेळी कुणी मध्ये बोललेलं त्यांना चालायचं नाही.

विणकर बहुतेक उत्तरेकडचे होते. लूम बंद पडला की ते ओरडायचे, "काथोड भाई, करंट नहीं है!" दादा जागचे न हलता विचारायचे, "आया नहीं, के दिया नहीं?" म्हणजे मागून सप्लायच आला नाही, की आला पण स्टार्टरने अडवला? पहिल्यांदा आलेला माणूस गोंधळून जायचा. जुन्यांना मात्र सवय झाली होती. कोपऱ्यातल्या लूमवर जमालभाई म्हणून आझमगडकडचा एक विणकर होता, दादांचा दोस्त. दुपारी दोघं एकाच फडक्यावर जेवायला बसायचे. जमालभाईच्या रोट्या, दादांची तांदळाची भाकर आणि सुकट. चहावाल्याला उशीर झाला की जमालभाई गंभीर चेहरा करून विचारायचा, "क्यों भाई, चाय आई नहीं, के दी नहीं?" आणि सगळी शेड हसायची.

मला तो फरक पुस्तकातून ठाऊक होता. दादांनी तो मला एकदा त्यांच्या पद्धतीने सांगितला. कशेळीला त्यांची मावशी दिली होती आणि लहानपणी ते तिच्याकडे राहिले होते. तिथे खाडीला लागून खारजमीन. शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून मोठा बांध, आणि बांधाला लाकडी झडपेचं तोंड. त्याला उघाडी म्हणतात. आतलं पावसाचं पाणी सोडायला ती उघडायची, भरती यायच्या आत बंद करायची.

"भरती खाडीची, उघाडी आपली," दादा म्हणाले. "भरती मोटी आली त्यात उघाडीवाल्याचा दोस न्हाय. उघाडी उघडी राहिली त्यात खाडीचा दोस न्हाय. शेत खारवलं की गाव आधी हेच इचारतो, दोस कोनाचा? सप्लाय नि स्टार्टरचं तसंच हाय. दोगं येगले. एकाचं दुसऱ्यावर घालायचं न्हाय."

मी हसून मान डोलावली. ऐकून सोडून दिलं म्हटलं तरी चालेल.

त्यांचं हे शहाणपण मी एकदा विकूनही खाल्लं. सेठने मुंबईहून सुताच्या कांड्या भरायचं एक नवं मशीन आणलं. त्याच्याबरोबर टाय लावलेला एक माणूस आला होता. मशीन सुरू व्हायचं, दोन मिनिटं चालायचं आणि धापा टाकत बंद पडायचं. त्या माणसाने कंट्रोलची पेटी बदलली. तेच. दुसऱ्या दिवशी तिसरी पेटी मागवायची भाषा सुरू झाली. सेठ माझ्याकडे बघायला लागला. मी दादांना बाजूला घेतलं. ते मशीनजवळ गेलेच नाहीत. मशीनला आलेली वायर हाताने चाचपत भिंतीपर्यंत गेले, तिथून पुढे बाहेर, आणि परत येऊन हळूच म्हणाले, "पेटी चांगली हाय साहेब. सप्लाय उपाशी हाय. इतक्या लांबून इतकी बारीक वायर आनलीय, पेटीपर्यंत येता येता करंट दमतो. पेटी बिचारी काय करनार?"

मी तडक सेठच्या केबिनमध्ये गेलो आणि व्होल्टेज ड्रॉपवर पाच मिनिटं इंग्रजी शब्द पेरून बोललो. जाड वायर टाकली, मशीन चालू झालं. सेठने माझ्या पाठीवर थाप मारली. दादा दारातच उभे होते. माझ्याकडे बघून हसले, खरंच आनंदाने हसले, जसं शेजारच्याचं पोर पास झाल्यावर हसतात. तेव्हा मी काही बोललो असतो तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं, असं मी म्हणणार नाही. पण सवय तिथे लागली एवढं खरं.

त्याच वर्षी मला कावीळ झाली. भिवंडीत माझी एक भाड्याची खोली होती, बाकी कुणी नाही. दादा रोज सकाळी सायकलला पितळी डबा अडकवून पेज आणायचे. तीन वेळा त्यांची बायको, हिराबाई, स्वतः चालत आली. उंच, काळीसावळी, मोठ्याने बोलणारी बाई. आल्या आल्या माझे डोळे बघायची आणि म्हणायची, "अजून हलद उतरली न्हाय. आईला कलवलंस का? न्हाय ना? मना वाटलंच." दादा मला 'साहेब' म्हणायचे, ती मात्र 'अरे पोरा' म्हणायची. नवऱ्याबद्दल तिला फार अभिमान होता. एकदा माझ्या खोलीतला दिव्याचा होल्डर दुरुस्त करताना दादा स्टुलावर चढले होते, तेव्हा खालून म्हणाली, "वीस वर्सं ह्या कामात हायत. एका मानसाला चटका न्हाय बसू दिला."

पुढच्या हिवाळ्यात कापडाला मागणी वाढली आणि सेठला लूम थांबलेले खपेनासे झाले. जुन्या मोटरी, घासलेली बेअरिंगं. भार वाढला की मोटर जास्त करंट ओढायची आणि स्टार्टर तिला बंद करायचा. दिवसातून आठ-दहा वेळा तरी. सेठने मला बोलावलं. "इंजिनिअर साब, ये मशीन बार-बार सो क्यों जाता है? काटा थोडा ऊपर करो ना."

मी दादांना सांगितलं. त्यांनी नकार दिला. त्यांना नकार देताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"बेअरिंग बदला, साहेब. काटा वर नेला तर मोटर बोलायची थांबंल. आता ती बोलते, मना तरास व्हतो म्हनून. काटा वर नेला की ती गप मरंल."

"सेठचा हुकूम आहे, दादा."

"मग सेठनी लावावा."

आणखी एक गोष्ट ते त्याच वेळी म्हणाले. सगळ्या शेडचा सप्लाय जिथून येतो त्या मेनरूममधल्या मोठ्या स्विचचं मधलं पातं तापतंय, वास येतोय, नट ढिला झाला असेल. मेनरूम माझ्या ताब्यात होती. महिन्यापूर्वीच मी तिला कुलूप लावलं होतं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली होती. सप्लाय इंजिनिअरकडे, स्टार्टर वायरमनकडे, अशी कामाची वाटणी मी एका कागदावर लिहून सेठची सहीही घेतली होती. मला ती फार शास्त्रीय वाटली होती.

"शुक्रवारी बघतो," मी म्हणालो. शुक्रवारी शेडला सुट्टी असायची.

शुक्रवारी मी आलो. एकटाच. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन चोवीस पेट्या उघडल्या आणि चोवीस काटे तांबड्या ठिपक्यावरून पुढे सरकवले. त्यात दुपारचे दोन वाजले. ठाण्याला एका ठिकाणी मुलगी पाहायला जायचं होतं, तिथे मामा वाट पाहत होते. मेन स्विचचा नट राहिला. सोमवारी बघू, असं वाटलं. शनिवारी दादांनी पेट्या उघडल्या नाहीत, कारण त्यांचा महिन्याचा दिवस अजून लांब होता. आणि मी त्यांना सांगितलं नाही. सोमवारही गेला.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी सेठच्या केबिनमध्ये चहा पीत होतो. केबिन रस्त्याच्या बाजूला, शेडपासून दूर. काच बंद होती. शेडचा आवाज बदलला तो मला कळला नाही. दादांना कळला.

काय झालं ते नंतर जुळवून समजलं. मेन स्विचचं मधलं पातं जळून सुटलं आणि तीनपैकी एक फेज गेला. तीन पायांच्या तिपाईचा एक पाय काढावा तसं. मोटरी थांबल्या नाहीत, दोन फेजवर घुमत राहिल्या, आणि दुप्पट करंट ओढून आतून तापू लागल्या. अशा वेळी त्यांना बंद करायला स्टार्टर असतो. पण काटे वर होते. कुठल्याच पेटीने मोटर बंद केली नाही.

दादा ओरडले, "बंद करो! एक फेज गया! सब बंद करो!" ओरडत मेनरूमकडे धावले. दाराला कुलूप. किल्ली माझ्या खिशात. ते तिथून परत वळले आणि एकेका स्टार्टरचं लाल बटण हाताने दाबत सुटले. काही विणकरांनी आपापले लूम स्वतः बंद केले. जमालभाईचा लूम शेवटच्या कोपऱ्यात होता, जिथे साफसफाईनंतर कापसाचं तूस झाडून ठेवायचे. दादा पोहोचायच्या आत मोटर पेटली होती. तूस पेटलं. जमालभाई बटणाकडे गेला नाही, बीम वाचवायला गेला. बीम म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, आणि तो पूर्ण भरलेला होता. जळतं सूत त्याने दोन्ही हातांनी ओढलं.

मी आलो तेव्हा आग पोत्यांनी विझवली होती. जमालभाई भिंतीला टेकून बसला होता, दोन्ही हात पुढे धरून. त्या हातांबद्दल मी लिहीत नाही. दादांनी त्याला उचलून बाहेर नेलं, टांगा थांबवला, आपल्या मांडीवर त्याचं डोकं घेतलं. टांगा हलताना ते मला म्हणाले, "मेनरूम उघडा साहेब. आधी मेन बंद करा."

मी मेनरूम उघडली. स्विच खाली ओढला. मधलं पातं काळं पडलं होतं, कडा वितळली होती, नट बोटाने फिरत होता. बाहेर सगळे दवाखान्याकडे गेले होते. मी काही वेळ उभा राहिलो. मग दार आतून लावून घेतलं आणि पॉलिश पेपर काढला. काळं घासून काढलं, कड कानशीने सारखी केली, नट आवळला, फडक्याने पुसून घेतलं. वीस मिनिटं लागली असतील. माझे हात अजिबात थरथरत नव्हते. हे मी आज सांगतो, कारण पुढे अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी तेव्हा घाबरलो होतो, शुद्धीवर नव्हतो. मी पूर्ण शुद्धीवर होतो. काम नीटनेटकं केलं होतं.

दुपारी दादा परत आले. शर्टावर जमालभाईच्या अंगावरची राख लागली होती. ते सरळ मेनरूममध्ये आले, स्विचसमोर उभे राहिले. जमिनीवर पितळेची बारीक पूड पडली होती, ती त्यांनी बोटाला लावून बघितली.

"पॉलिश पेपर मारलात?"

"साफ करायला नको?" मी म्हणालो.

"करायला पायजे होतं," ते म्हणाले. "शुक्रवारी."

मग त्यांनी शेडमध्ये जाऊन एक पेटी उघडली. दुसरी उघडली. तिसरी. चोवीसपर्यंत गेले नाहीत. चौथ्या पेटीचं झाकण हातात धरून ते तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता माझ्या अंगावर येतील. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी चौकशीला ठाण्याहून एक अधिकारी आले. सेठच्या केबिनमध्ये मी, सेठ, दादा. अधिकारी सभ्य माणूस होता. दादांना त्यांनी बसायला सांगितलं, पण दादा उभेच राहिले. ते म्हणाले, "एक फेज गेला व्हता साहेब. मेनमधून. मी आवाज ऐकला."

अधिकारी म्हणाले, "मेन मी पाहिला. पाती स्वच्छ आहेत, नट घट्ट आहेत."

"आज घट्ट हायत."

"आणि स्टार्टरचे काटे सगळे वर आहेत. ते कुणी लावले?"

दादांनी त्यांना शेडमध्ये नेलं आणि पेटी उघडून दाखवली. "माजा ठिपका हितं हाय. काटा तितं हाय. मी लावला असता तर ठिपक्यावर असता."

"ठिपका कुणी दिला?"

"मीच."

"मग ठिपका देणारा काटाही हलवू शकतो," अधिकारी म्हणाले. त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही इंजिनिअर. स्टार्टर कुणाच्या जबाबदारीत येतात?"

दादा माझ्याकडे बघत होते. त्यांची नजर रागाची नव्हती. विणकर बिघाड सांगायला यायचा तेव्हा ते त्याच्याकडे बघायचे, तशी होती. आता हा काय सांगतो ते ऐकू या, अशी.

सेठने कामाच्या वाटणीचा तो कागद माझ्यापुढे केला. मी तो वाचून दाखवल्यासारखं म्हणालो, "सप्लाय माझ्याकडे. स्टार्टर काथोडकडे."

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. असं वाक्य शोधून काढायला मला अख्खी रात्र लागली होती.

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. सेठने त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं. वायरमनचा परवानाही पुढे रद्द झाला. जायच्या आधी ते बंद शेडमधून एक चक्कर मारून आले, आणि सवयीने प्रत्येक मोटरला हाताची पाठ टेकवत गेले. शेड दोन दिवस बंद होती, मोटरी थंडगार होत्या. त्यांनी मोजलं मात्र. मला त्यांचे ओठ हलताना दिसले.

जमालभाई वाचला. पण त्याची बोटं एकमेकांना चिकटून गेली होती. तुटलेला धागा गाठवायला दोन बोटं लागतात, तेवढीही हलेनात. दोन महिन्यांनी तो गावाला परत गेला. मी त्याला दवाखान्यात एकदाच भेटायला गेलो, केळी घेऊन. त्याने माझी विचारपूस केली.

भिवंडीत कुठलीच शेड दादांना कामावर घेईना. माणूस जाळणारा वायरमन, असं नाव झालं. शेलारमध्येही तेच. त्यांनी हिराबाईच्या माहेरी, गणेशपुरीच्या अलीकडच्या एका गावात बस्तान हलवलं, एवढं मला उडत उडत कळलं. मी सेठकडे आणखी दोन वर्षं काढली, मग ठाण्यात चांगली नोकरी मिळाली. ठाण्याची मुलगी पसंत पडली होती, लग्न झालं. अपघातानंतर आठवड्याभरात मी सगळे काटे परत ठिपक्यावर आणून ठेवले होते. कुणाला सांगितलं नाही.

चार वर्षांनी आईला घेऊन वज्रेश्वरीला गेलो. तिला गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवायचे होते. तिथून गणेशपुरी केलं, आणि परतीची एस.टी. पकडायला एका फाट्यावर उभे राहिलो. आई सावलीला बसली. पलीकडे भाताची गिरणी होती, भात भरडायचा मोसम जोरात होता. गिरणी एकदम बंद पडली. आतून आवाज आला, "आला न्हाय, का दिला न्हाय?"

मला वाटतं, मी तेव्हाच पाठ फिरवून उभं राहायला हवं होतं. पण पाय आत गेले.

दादा वाळले होते, केस पांढरे झाले होते. कोंड्याने भुवया भरल्या होत्या. मला ओळखायला त्यांना क्षणभर वेळ लागला. मग गिरणीवाल्याला म्हणाले, "हे माजे साहेब. भिवंडीचे." मला बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं. आईची चौकशी केली. गिरणीवाला लांब गेल्यावर मी म्हणालो, "दादा, त्या वेळी..."

"मना ठाव हाय," ते म्हणाले. "तवाच ठाव व्हतं."

माझ्या मनात माफीचं भाषण तयार होतं, चार वर्षं तयार होत होतं. त्यांनी ते बोलूच दिलं नाही.

"जमालकडं मी रोज जायचो," ते म्हणाले. "गावाला जायच्या दिशी तो मना बोलला, काथोड भाई, मैंने माफ किया. त्याला कसं सांगू, मी न्हाय केलं? त्याचे हात तसे. तो मोट्या मनानं देत व्हता. घेतली मी माफी. जे केलं न्हाय त्याची."

मी मान खाली घातली होती.

"माजं सोडा," दादा म्हणाले. "मी जगलो. पन हिरा हाय ना, साहेब. ती कायच बोलत न्हाय. पेज घातली व्हती तिनं तुमाला. तुमच्यासारका शिकलेला मानूस खोटं कशाला बोलंल, असं तिला वाटतं. चार वर्सं तिला वाटतंय की माज्या हातून मानूस जलला, नि मी कबूल करत न्हाय. मी सांगितलं तर ती आयकून घेते. नुसती आयकून घेते. तुमी तिला सांगा. एवढंच. मना माफी नको. चौकशी नको. तिच्याम्होरं एकदा बोला. ती पलीकडं खल्यावर झोडनीला गेलीय, हाक मारली की येल. बसाल ना?"

"बसतो," मी म्हणालो.

"बसा. मी आनतो तिला." ते उठले. गिरणीच्या मागच्या दाराने, ओढ्याकडच्या बांधावरून, जवळजवळ पळतच गेले. त्यांच्या चपला बांधावर फटफट वाजत होत्या.

मी खरंच बसलो होतो. दहा मिनिटं तरी. काय बोलायचं ते जुळवत होतो. वहिनी, नट मी आवळला नाही. वहिनी, काटे मी सरकवले. तिचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा, माझ्या पापण्या खाली ओढून डोळ्यांतली हळद बघणारा. ती मला 'अरे पोरा' म्हणणार होती आणि मग मी बोलणार होतो. एवढ्यात रस्त्यावर एस.टी. आली. आईने हाक मारली. पुढची गाडी दीड तासाने होती. आईला सांगितलं असतं, थांबू, काम आहे, तर ती थांबली असती. आनंदाने थांबली असती. तिला घाई कसलीच नव्हती.

मी उठलो आणि गाडीत चढलो.

त्यानंतर मी त्या गावाला गेलो नाही. पत्र लिहावं असं अनेकदा वाटलं, पण हिराबाईला वाचता येत नव्हतं. ते पत्र तिला दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवलं असतं, आणि मग ते दुसऱ्यालाही कळलं असतं. हेही कारण मी पुष्कळ दिवस सोयीचं म्हणून जवळ ठेवलं. गेल्या काही वर्षांत कारणंही संपली. दादा असतील की नाही, हिराबाई असेल की नाही, मला माहीत नाही. विचारायला कुणी उरलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर, विचारायचं धाडस त्या दिवसापेक्षा आज जास्त आहे असंही नाही.

गाडी वळणावर जरा थांबली होती, पुढे बैलगाडी होती म्हणून. खिडकीतून बांध दिसत होता. दादा पुढे चालले होते, मागे हिराबाई. तिने पदर कमरेला खोचला होता, आणि दोन्ही हातांनी अंगावरचा भुसा झटकत, जवळजवळ धावत ती त्यांना गाठायला बघत होती. दादा वळून तिला काहीतरी सांगत होते. हात हलवून, मोठ्याने. चार वर्षांत त्यांना असं बोलताना कुणी पाहिलं नसेल, असं मला वाटलं. मध्येच ती थांबली, त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि मग दोघंही जोरात चालू लागले. गाडीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते दोघं गिरणीच्या बाकड्याकडे बघत येत होते.